बावटाकाकूंचा कायदा

काकू माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक लाल बावटा काढला, माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा घ्या. पुरावा."

"कशाचा पुरावा?"

"ते तुम्ही ठरवायचं. वकील तुम्ही आहात, मी नाही."

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एकवीस वर्षं मी वकिली करते आहे. झेरॉक्सच्या दुकानावर माझी एक खोली आहे. तिच्यात तीन खुर्च्या, एक कपाट आणि खालच्या यंत्राची दिवसभर चालणारी घरघर. त्या तीन खुर्च्यांवर बसून लोक माझ्याशी इतकं खोटं बोलले आहेत की आता माणूस दारात उभा राहिला तरी मला अंदाज येतो. काकू काहीतरी लपवत होत्या, हे मला पाच मिनिटांत कळलं. काय लपवत होत्या ते कळायला मात्र दहा दिवस गेले.

त्यांच्यामागून काका आत आले. उंच, किडकिडीत, स्वच्छ धुतलेला शर्ट, आणि चेहऱ्यावर एक गोड हसू. मी "बसा" म्हटलं तरी हसले, "कागद आणलेत का?" म्हटलं तरी हसले. हा माणूस एकतर फार भोळा आहे किंवा मला मोजत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

काकांचं कापणीचं मोठं यंत्र आहे, हार्वेस्टर. स्वतःचा गहू कापून झाला की ते आसपासच्या शेतांवर कापणीला जातात. या यंत्राला पुढे जो रुंद कटर असतो तो शेतात फार रुबाबदार दिसतो. रस्त्यावर मात्र तोच कटर निम्म्याहून जास्त रस्ता अडवतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या शिव्या खातो. यंत्र लग्नाच्या आधीपासून घरात होतं, म्हणून काकू त्याला "थोरली" म्हणायच्या आणि स्वतःला धाकटी. मूळची थोरली कधीच भंगारात गेली, तिच्या जागी दुसरी आली, पण नाव तेच राहिलं. "थोरलीचं तेलपाणी झालं का?" हा त्या घरातला सकाळचा पहिला प्रश्न. धाकटीने चहा घेतला का, हे नंतर.

गेली तीन वर्षं थोरली रस्त्यावर निघाली की तिच्या शंभर पावलं पुढे काकू स्कूटरवर असायच्या. डोक्यावर हेल्मेट, तोंडाला रुमाल, हँडलला हा बावटा. वळण आलं की थांबायचं, समोरून येणाऱ्याला अडवायचं, थोरलीला वाट करून द्यायची. लोकांनी त्यांचं नाव बावटाकाकू ठेवलं. कोणी विचारलं, "काकू, या वयात उन्हातान्हात कशाला?" की उत्तर ठरलेलं असायचं. "कायदा आहे बाबा. रुंद यंत्रापुढे माणूस लागतो. नाहीतर धरतात."

आणि आता त्यांनाच धरलं होतं.

ओढ्यावरचा पूल अरुंद आहे. थोरली त्यावरून जाते तेव्हा दोन्ही कठड्यांशी जेमतेम वीतभर जागा उरते. त्या सकाळी काकू नेहमीप्रमाणे पूल ओलांडून पलीकडे गेल्या, पूल रिकामा आहे हे पाहिलं, स्कूटर लावली आणि मागे वळून काकांना हातांनी बोलावू लागल्या. काका थोरलीला घेऊन पुलाच्या तोंडाशी आले. तिथेच, झाडीच्या आडून, एक बाजूचा रस्ता येऊन मिळतो. त्या रस्त्याने दूधवाला आपली छोटी गाडी घेऊन आला. त्याने पाहिलं तर पुलाच्या पलीकडून एक बाई दोन्ही हात हलवून "या, या" करते आहे. त्याला वाटलं, आपल्यालाच बोलावते आहे. तो पुलावर चढला. काकांची नजर काकूंच्या हातांवर होती. दूधवाला हॉर्न वाजवत राहिला, थोरली पुढे सरकत राहिली. काकूंनी गाडी पाहिली आणि दोन्ही हात आडवे केले, तेव्हा काकांनी यंत्र जागच्या जागी रोखलं. पण उशीर झाला होता. कटरच्या टोकाने गाडी कठड्यावर दाबली गेली. दूधवाल्याचा उजवा हात मोडला आणि सकाळचं सगळं दूध ओढ्यात गेलं.

दूधवाल्याची तक्रार मी त्या दोघांसमोर मोठ्याने वाचली. त्यातली दोन वाक्यं महत्त्वाची होती. पहिलं, "बाईने दोन्ही हातांनी मला बोलावले, तिच्या हातात बावटा नव्हता." दुसरं, "मी सारखा हॉर्न वाजवत असूनही यंत्रवाला बहिऱ्यासारखा पुढे येत राहिला."

दुसऱ्या वाक्याला काकूंनी पदराशी चाळा सुरू केला. मी काकांकडे वळले. "काका, तुम्हाला हॉर्न ऐकू आला होता?"

"हॉर्न ऐकू आला होता का विचारतायत," काकू त्यांच्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, आणि लगेच मला म्हणाल्या, "थोरलीच्या आवाजात कुठला ऐकू यायला! तुम्ही बसून बघा एकदा."

"काकू, प्रश्न त्यांना आहे."

"बरोबर आहे," काका हसून म्हणाले.

काय बरोबर आहे ते काही मला कळलं नाही.

गुन्हा काकूंवर होता. रस्त्यावर निष्काळजीपणे चुकीचा इशारा देऊन दुखापत केली, असा. आधी चौकशी अधिकाऱ्यासमोर सुनावणी व्हायची आणि त्याला पटलं तर प्रकरण कोर्टात. कोर्टात दोष शाबीत झाला तर काही महिन्यांची कैदही होऊ शकत होती. एकोणसाठ वर्षांच्या बाईला, जिने आयुष्यात कधी स्कूटर चुकीच्या बाजूला लावली नसेल! मी नियमांचं पुस्तक घेऊन बसले. बचाव अगदी सोपा दिसत होता. कायद्यानेच पुढे माणूस चालवायला सांगितलं, ही कायदा पाळत होती, पूल अरुंद, झाडी दाट, एवढं पुरे होतं.

फक्त पुस्तकात तो कायदा सापडेना.

मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. रुंद यंत्र दिवसाउजेडीच न्यावं, असा नियम होता. कटरच्या दोन्ही टोकांना लाल कापड बांधावं, वर उघडझाप करणारा दिवा असावा, असे होते. लांब जायचं तर कटर काढून ट्रॉलीवर आडवा न ठेवता लांबीच्या दिशेने ठेवावा, जवळच्या शेतात जायचं तर काढायची गरज नाही, असंही होतं. काकांनी यातलं एकूण एक पाळलं होतं. यंत्रापुढे माणूस हवा, हा नियमही होता, पण तो मोठ्या हमरस्त्यासाठी. गावाकडच्या रस्त्यांना तो लागू नव्हता. म्हणजे कायद्याने सांगितलेलं सगळं या घराने बिनचूक केलं होतं आणि अपघात झाला होता कायद्याने न सांगितलेल्या गोष्टीत.

इथेच खरी मेख होती. एखादी जबाबदारी तुमच्यावर नसते, तोवर तुम्ही मोकळे. पण तुम्ही ती आपण होऊन अंगावर घेतली आणि लोक तुमच्या हातांवर विसंबू लागले, की मग ती नीट पार पाडावी लागते. चुकलात तर तुम्ही जबाबदार. तुम्हाला कोणी सांगितलं होतं पुढे उभं राहायला, हा पहिला प्रश्न येणार, आणि त्याला उत्तर हवं.

पुढच्या खेपेला मी काकांना खाली झेरॉक्स काढायला पाठवलं. ते जिना उतरले तसं मी पुस्तक काकूंपुढे सरकवलं.

"दाखवा तुमचा कायदा."

काकूंनी पुस्तकाकडे पाहिलंही नाही. "वकिलाला सांगितलेलं बाहेर जात नाही ना?"

"नाही."

"यांनाही नाही?"

"तुम्ही माझं अशील आहात, ते नाहीत. त्यांनाही नाही."

मग काकूंनी सांगितलं. कायदा त्यांनी स्वतःच केला होता. तीन वर्षांपूर्वी, एका सकाळी, स्वयंपाक करता करता.

त्याच्या आदल्या दिवशी त्या शेतावर डबा घेऊन गेल्या होत्या आणि परत येताना थोरलीत काकांच्या शेजारी चढून बसल्या. काका शेजाऱ्याच्या विहिरीचा काहीतरी किस्सा सांगत होते. मागून एक बस हॉर्न वाजवत होती. शाळेपासून वाजवत होती ती चौकापर्यंत. काका किस्सा सांगत राहिले आणि बोलता बोलता थोरली उजवीकडे वळवली. बस किंचाळत थांबली, चाकापासून हातभर अंतरावर. बसवाल्याने खाली उतरून काकांच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार केला, आणि काका आरशात त्याच्याकडे बघून म्हणाले, "हा का नाचतोय?"

"मला आधी वाटलं, माज करतायत," काकू म्हणाल्या. "घरी आल्यावर मी त्यांच्या पाठीमागे उभी राहिले आणि पितळेचं पातेलं हातातून सोडलं. शेजारीण धावत आली हो, काय पडलं म्हणून. हे शर्टाला बटण लावत बसले होते. मानसुद्धा वळवली नाही."

"मग सांगायचं त्यांना! डॉक्टर आहेत, कानात घालायची यंत्रं मिळतात."

"त्यांच्या वडिलांचं असंच झालं होतं. बोलायचं तर ओरडावं लागायचं, आणि ओरडायचा सगळ्यांना कंटाळा. हळूहळू घरात कोणी त्यांच्याशी बोलेचना. जेवायला चला एवढंच सांगायचे, तेही हाताने. हेच मला सांगायचे, बाबा भिंतीकडे तोंड करून बसायचे म्हणून. आणि म्हणायचे, माझे कान गेले ना, तर मला सांगू नकोस. तू बोलत राहा, मी समजून घेईन." काकूंनी नाक पुसलं. "मग मी बोलत राहिले."

नुसत्या बोलत राहिल्या नव्हत्या. स्वयंपाकघरातून हाक मारणं त्यांनी सोडून दिलं होतं. चहा हवा का एवढं विचारायचं तरी हातातलं टाकून समोर जाऊन उभं राहायचं, तोंडाकडे तोंड करून. दिवसातून शंभर फेऱ्या. काका म्हणायचे, "म्हातारपणी फारच मागे मागे करतेस." कोणी पाहुणा आला की त्याचं प्रत्येक वाक्य काकू प्रश्नासारखं मोठ्याने परत म्हणायच्या. "काय म्हणता, मुलीला नोकरी लागली?" पाहुण्यांना वाटायचं, काकूच जरा कमी ऐकतात. एकाने तर त्यांनाच कानाच्या डॉक्टरचा पत्ता दिला होता. तो त्यांनी जपून ठेवला होता, पण काकांना डॉक्टरकडे नेण्याचं बोलणं काही त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

"आणि हा पुढे चालण्याचा कायदा त्यांना पटला?"

"पटला. तीनदा ओरडून सांगावा लागला, पण पटला."

मला हसू आलं आणि त्याच वेळी असा संताप आला की विचारू नका. मी उठून खिडकी उघडली. "तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय करून ठेवलंय? ज्याला हॉर्न ऐकू येत नाही असा माणूस तुम्ही तीन वर्षं रस्त्यावर चालवू दिलात. दूधवाल्याच्या हातावर निभावलं. त्याचं काही बरंवाईट झालं असतं तर?"

"रोज मनात येतं," काकू म्हणाल्या. "अंथरुणाला पाठ टेकली की तेच येतं डोळ्यांपुढे. मला वाटलं, मी पुढे आहे ना. त्यांचे कान मी आहे. माझं लक्ष चुकणार नाही."

मग मी त्यांना दोन वाटा समजावून सांगितल्या. का पुढे जात होतात, हे खरं सांगितलं तर त्यांच्यावरचा दोष बराच हलका होईल. पण मग तो काकांवर जाईल, आणि थोरली रस्त्यावर आणायचा काकांचा परवाना त्याच दिवशी जाईल. खरं सांगितलं नाही तर एका बाईने उगाच रस्त्यावर उभं राहून चुकीचे हातवारे केले, एवढंच कागदावर उरेल.

"मग तसंच लिहा. मी चुकले."

"मी खोटं लिहीत नाही."

"खोटं कुठे आहे त्यात? चुकलेच मी. बावटा काखेत होता."

"काखेत का होता?"

"दोन्ही हात मोकळे लागतात ना."

हे मला पुलावर जाऊनच पाहावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका थोरलीला घेऊन आले, कटर न लावता. मी काकांना तसं लिहूनच कळवलं होतं. निरोप तोंडी दिला तर काय होईल, याची मला आता कल्पना होती. मी मुद्दाम बाजूच्या रस्त्यावर, झाडीच्या आडाला, दूधवाला आला होता तिथे जाऊन उभी राहिले.

पुलापलीकडे काकू उभ्या होत्या. त्यांनी बावटा काखेत दाबून धरला आणि, कटर लावलेलाच आहे असं धरून, दोन्ही हात वर केले. डाव्या हाताची बोटं एका बाजूच्या कठड्याशी किती जागा उरली ते दाखवत होती, उजव्या हाताची दुसऱ्या बाजूची. तीन बोटं, दोन बोटं, परत तीन. आणि मधूनमधून दोन्ही हात छातीशी ओढून, ये, ये, ये. दुसरा कोणी असता तर "डावीकडे घे रे" म्हणून ओरडला असता, झालं. काकूंनी ओरडण्याचं सगळं काम बोटांना शिकवलं होतं. ते हात बघताना मी कधी दोन पावलं पुढे पुलावर गेले, ते माझं मलाच कळलं नाही. मलाही वाटलं, मलाच बोलावतायत.

तिथून मला काकांचा चेहरा दिसला. वर काचेमागे बसून ते काकूंच्या हातांकडे बघत होते. त्यांच्या तोंडावर ते नेहमीचं हसू नव्हतं. इतकं लक्ष देऊन कोणी कोणाकडे बघताना मी फार दिवसांत पाहिलेलं नाही. माझ्या घरी तर नाहीच.

काकू स्कूटर काढायला गेल्या तेव्हा काका खाली उतरून माझ्याजवळ आले. "तिला काही होणार नाही ना?"

मी त्यांच्यासमोर नीट उभी राहिले आणि सावकाश म्हटलं, "त्या पुढे का जातात, ते विचारणार आहेत."

काका बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे," आणि थोरलीकडे वळले. ऐकू आलं नाही, असं मी समजले.

चौकशीची खोली पहिल्या मजल्यावर होती. एक लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, पाण्याचा जग, भिंतीला टेकून फायलींचे गठ्ठे, बाहेर बाकांवर आपापल्या नंबराची वाट बघणारी माणसं. अधिकारी मध्यम वयाचे, सर्दीने बेजार झालेले. दूधवाला हात गळ्यात बांधून बसला होता. तो वाईट माणूस नव्हता. काकू आत आल्या तेव्हा त्याने उठून खुर्ची सरकवून दिली, डाव्या हाताने. काका मागच्या भिंतीशी बसले होते.

दूधवाल्याने आपलं सांगितलं. मी पुलाचा नकाशा ठेवला, झाडीचे फोटो ठेवले, कटरला बांधलेली लाल कापडं दाखवली. अधिकाऱ्यांनी सगळं पाहिलं, रुमाल नाकाला लावला आणि काकूंना विचारलं, "बाई, त्या रस्त्याला यंत्रापुढे माणूस चालवायचा नियमच नाही. तुम्ही का जात होतात?"

काकूंनी टेबलावरच्या हिरव्या कापडाची सुरकुती बोटाने सारखी केली.

"तुम्हाला नियम आहे असं कोणी सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग? रोज, तीन वर्षं, काहीतरी कारण असेल ना?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, धाक होता. तोंड उघडाल तर याद राखा. उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि मला ते गिळावं लागत होतं. एकवीस वर्षांत मला माझ्या व्यवसायाचा इतका राग कधी आला नव्हता.

"कारण काही नाही," काकू म्हणाल्या. "आपली हौस. मी चुकले, माझं नाव लिहा."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. काका उभे राहिले होते.

"साहेब, तिला विचारू नका. मला विचारा," ते म्हणाले. "पण कागदावर लिहून विचारा. मला ऐकू येत नाही."

खोलीतला लिहिणारा कारकूनही लिहायचा थांबला. अधिकाऱ्यांनी एक कोरा कागद घेतला, त्यावर प्रश्न लिहिला आणि टेबलावरून पुढे ढकलला. काकांनी पुढे येऊन, चष्मा लावून तो वाचला. त्यांना बोलायची घाई नव्हती.

"नियम नाही, हे मला पहिल्याच हंगामात कळलं होतं," ते म्हणाले. आवाज गरजेपेक्षा मोठा होता. "हिने कायदा सांगितला तेव्हा मी इथेच, खालच्या खिडकीवर विचारायला आलो होतो. खिडकीतल्या बाई काय बोलल्या ते मला समजेना. मग त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, 'गरज नाही.' ती चिठ्ठी मी बाहेरच फाडून टाकली. कायद्याला गरज नव्हती साहेब. मला होती. ती पुढे असली की मला रस्ता कळायचा. नसली की माझी पाचावर धारण बसायची. तिला कसं सांगणार? म्हणून म्हटलं, तिला वाटतंय ना कायदा आहे, वाटू दे. आता हा गुन्हा तिच्या नावावर नको. तिला बिचारीला काही माहीतच नाही. माझे कान गेलेत, हे मी तिला कळू दिलेलं नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. लपवायला जागाही नव्हती.

काकू वळून त्यांच्याकडे बघत होत्या. "अहो," त्या म्हणाल्या. काका अधिकाऱ्यांकडे बघत होते, त्यांना कळलं नाही. काकू उठल्या, टेबलाला वळसा घालून गेल्या आणि त्यांच्यासमोर, नेहमीसारख्या, तोंडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"मला माहीत होतं."

"कायदा नाही, हे?"

काकूंनी नकारार्थी मान हलवली. "कान."

"कधीपासून?"

"कायद्याच्या आदल्या दिवसापासून."

काका दूधवाल्याशेजारच्या खुर्चीवर बसले. बघता बघता त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला, आणि हसायचं की रडायचं ते त्यांना ठरवता येईना. "म्हणजे तीन वर्षं," ते म्हणाले, "तू मला फसवत होतीस?"

"आणि तुम्ही काय करत होतात?" काकू कडाडल्या. "उन्हात काळी ठिक्कर पडले मी! स्कूटरवर पाठीचा काटा ढिला झाला माझा! कायदा नाही हे ठाऊक असून मला पळवलीत?"

"काय म्हणते ती?" काकांनी दूधवाल्याला विचारलं, कारण तोच जवळ होता.

"पळवलीत म्हणतायत," दूधवाला ओरडून म्हणाला. मग त्याच्या एकदम लक्षात आलं. "तरीच! मी इतका हॉर्न मारतोय आणि हे आपले बहिऱ्यासार..." त्याने जीभ चावली. "माफ करा काका. बोलायची पद्धत झाली."

"तुझ्या हाताचं मात्र माझ्याकडून झालं," काकांनी त्याच्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे बघून म्हटलं. "हिच्याकडून नाही. तेवढं तू साहेबांना सांग."

दूधवाल्याने सांगितलं. भरपाई काकांनी द्यायची, काकूंवर त्याची काही तक्रार नाही, आणि पुलावर चढताना आपणही जरा थांबून बघायला हवं होतं, असंही त्याने आपण होऊन म्हटलं. अधिकाऱ्यांनी बराच वेळ पेन फिरवलं. काकूंवरचं प्रकरण त्यांनी पुढे पाठवलं नाही. काकांना मात्र त्यांनी स्वच्छ लिहून दाखवलं. शेतात यंत्र चालवा, तिथे कोणाची हरकत नाही. रस्त्यावर ते दुसऱ्या कोणीतरी आणायचं. काकांनी वाचलं, खिशातून परवाना काढला, त्यावरची धूळ शर्टाच्या बाहीला पुसली आणि टेबलावर ठेवला. चाळीस वर्षं जवळ बाळगलेली वस्तू. काकूंनी दुसरीकडे पाहिलं.

आता फक्त कागद पुरा करायचा राहिला होता. छापील कागद होता, त्यात रकाने होते. अधिकारी एकेक भरत एका रकान्याशी अडले.

"इशारा देणारी व्यक्ती वाहनापुढे असण्याचे कारण," त्यांनी वाचलं. "लिहितो, पतीस ऐकू येत नसल्यामुळे."

"तसं नका लिहू साहेब," काकू म्हणाल्या.

"का? आता तर सगळ्यांना कळलं."

"कळू दे. पण ते सरकारी कागदावर कायमचं राहील. उद्या कोणीही वाचेल."

"बाई, रकाना रिकामा नाही ठेवता येत. काय लिहू मग?"

काकूंनी थोडा विचार केला. पदर सारखा केला. "सोबत, असं लिहा."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हा शब्द कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्यांनी रुमालात नाक शिंकरलं, पेन उचललं आणि लिहिलं. काका केव्हाचे मान उंच करून बघत होते. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते उठून टेबलाशी आले, चष्मा सावरून कागदावर वाकले आणि तो एक शब्द त्यांनी वाचला. आपला आवाज केवढा होतो ते त्यांना कळत नसे, त्यामुळे बाहेर बाकांवर बसलेल्या सगळ्या माणसांनाही तो ऐकू गेला.